दुसऱ्या अंकातलं रडणं

निळी बस फाट्यावरून आमच्या गावाकडे वळली की आधी तिचा आवाज येतो, मग धूळ येते आणि मग बस. तोवर आम्ही पोरींनी निंबाखाली उभ्या उभ्या जागा वाटून घेतलेल्या असायच्या. खिडकी निताची आणि माझी, त्यात बदल नाही. राजपाल कंडक्टर आमचे पास कधी बघायचे नाहीत, तोंडं बघायचे. "थे दोन वेन्यावाली कोठी हाय आज? ताप आला काय तिले?" शाळेचं आसेगाव येईपर्यंत गाणी, भेंड्या, चिंचा आणि गणिताच्या गृहपाठाची वही इकडून तिकडे. आता दहावीच्या जादा तासांमुळे आम्ही आधीच्या गाडीनं जातो आणि त्या गाडीत सगळे झोपलेले असतात. म्हणून मला तो मागचा हिवाळा फार आठवतो. पण त्याच हिवाळ्यात आमची बस बंद व्हायची वेळ आली होती, आणि ती बंद पाडत होतं कोण, तर आमच्याच गावाचं एक जुनं रडणं!

मी रेणू. आठवीपर्यंत हजेरीला "हजर" म्हणतानाही मला घाम फुटायचा. नववीत काय झालं देव जाणे, तोंड उघडलं ते उघडलंच. आई म्हणते, "आता हिचं झाकन कोठी भेटन त पाहा." निता माझी मैत्रीण, गावाला लागून असलेल्या तांड्यावरची. तिचे बाबा गोविंदसिंग दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जातात आणि तिची आई चंदाबाई मागं राहून निताची शाळा चालू ठेवते. ही शाळा चालू होती ती केवळ निळ्या बसमुळे.

तुरी सोंगायच्या दिवसांत गावाच्या ग्रुपवर एक आवाज आला. वर लिहिलं होतं, 'सावधान!! शाळेच्या निळ्या बसमधून मुली गायब होत आहेत. या माऊलीचा आक्रोश ऐका. घरात लेक असेल तर पुढे पाठवा.' आणि खाली ती बाई रडत होती.

"गाडी आली वो, गाडी आली! माही लेक नाई उतरली! कंडक्टर म्हने, बसलीच नोती! सकाळी म्या माह्या हातानं चढवली वो तिले... कोनं नेली माही लेक..."

त्यानंतर एक हुंदका. आणि आवाज तिथंच तुटायचा.

असे मेसेज आधीही यायचे, पण ते हिंदीत असायचे, कुठल्या तरी लांबच्या शहरातले. आमच्याकडे ते कुणी मनावर घेतले नाहीत. ही बाई मात्र 'माही लेक' म्हणत होती. माझी आई, रत्नमाला तिचं नाव, चुलीपुढं हात थांबवून ऐकत राहिली आणि म्हणाली, "हे आपल्याच भागातली हाय वं. कोनाची असन बिचारी?"

बस, तिथंच सगळं फिरलं. बाई आपल्यासारखी बोलते म्हणजे बाई खरी!

मेसेज ऊसतोडीच्या फडावर पोचला आणि तिकडून गोविंदसिंगकाकांचा फोन आला, "पोरीले उद्यापासून घरी ठेव." निता थांबली. मग तांड्यावरच्या बाकीच्या थांबल्या, मग आमच्या वस्तीतल्या. मी हट्टानं जात राहिले. पूर्ण बसमध्ये मी, ड्रायव्हर आणि राजपालकाका. फाट्यावर काही पोरांनी बस अडवून राजपालकाकांकडे ओळखपत्र मागितलं. ते बिचारे खिशातून काढून दाखवत होते आणि म्हणत होते, "बापू, मले बी लेकी हायेत रे." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "गाडी अशीच रिकामी फिरली त वरचे साहेब म्हनतीन, डिझेल कायले जाळाचं? बंद करा हे फेरी."

त्याच संध्याकाळी आईनंही मला थांबवलं. "अख्ख्या गाडीत एकटी पोट्टी? थे त अजूनच वंगाळ."

"आई, पण ते खोटं आहे!"

"तुले कसं मालूम?"

मला खरंच मालूम नव्हतं. नुसतं वाटत होतं. आणि नुसतं वाटण्यावर बस चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेले तर निता दाराशी बसून होती. म्हणाली, "बाबा म्हनते, घरीच बसाचं हाय त इकडे ये, मोळ्या बांध. पुढच्या टोळीसंग निघाचं." हे ती असं सांगत होती की जणू आमटीत मीठ कमी पडलं आहे. मला रडू आलं, तिला नाही आलं. तिच्या मोठ्या बहिणीचं असंच झालं होतं. फडावर गेली ती शाळेकडे परत फिरलीच नाही.

आता जानराव आबांबद्दल सांगते. आमच्या घराच्या मागच्या अंगाला त्यांचं घर. भारदस्त माणूस, पोट सुटलेलं, पांढऱ्या मिशा वळवलेल्या. बोलणं कमी. भागिरथा आजी, त्यांची बायको, त्यांच्या वाटचंही बोलते. मी तिथं गेले तेव्हा आजी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती आणि आबा खाटेवर होते. आजीनं विचारलं, "काय वं, शाळा नाई आज? आन् काय आलं म्हनते त्या मोबाईलात? मले आयकव बरं."

मी लावलं. "गाडी आली वो, गाडी आली..."

आजीच्या हातातली शेंग खाली पडली. तिनं मान वाकडी केली, नीट ऐकलं आणि खो खो हसत सुटली. हसता हसता पदर तोंडावर घेतला.

"आवो माय! हे त आमचे हे हाय!"

"कोण?"

"हे! तुहा आबा! आपला नवरा मले वयखू येनार नाई काय?"

"चूप बस," आबा खाटेवरून गरजले. त्या आवाजात आणि मोबाईलमधल्या आवाजात काहीसुद्धा सारखं नव्हतं. पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आणि मग आजीनं जे सांगितलं ते ऐकताना मला वाटलं, मी अशी तीस वर्षं उशिरा काहून जन्मले?

त्या वेळी जयंतीला विहारापुढं नाटक व्हायचं. दोन बैलबंड्या जोडून त्यावर फळ्या टाकल्या की स्टेज. गॅसबत्त्या दोन, त्यातली एक नेमकी रडायच्या वेळी फडफडायची. बायका स्टेजवर यायच्या नाहीत, म्हणून बाईचं काम जानराव आबा करायचे. गावात नवी सून आली की तिचं लुगडं आधी आबांच्या अंगावर, मग सुनेच्या. जयंती जवळ आली की एका सकाळी आबांच्या मिशा गायब व्हायच्या आणि गावाला कळायचं, नाटक ठरलं! तांड्यावरची माणसं, शेजारच्या गावांतली माणसं, सगळे यायचे, अंथरायला पोतडी घेऊन पुढची जागा धरायचे. "एका डावात," आजी सांगत होती, "हे असे रडले, असे रडले, का एक म्हातारी उठून सरळ स्टेजवर चढली. म्हने, नको रडू माय, माह्या घरी चाल, दोन घास खा. हे लुगड्यात, थे म्हातारी यांच्या गळ्यात, आन् खाली लोक रडून राह्यले का हासून राह्यले, समजेना!"

मोबाईलमधलं रडणं सोनीच्या नाटकातलं होतं. गावातल्याच पोरांनी रचलेलं, बसवलेलं. सोनी शिकायला रोज एस्टीनं जाते, बाप नको म्हणतो, माय पाठवते. दुसऱ्या अंकात गाडी येते आणि सोनी उतरत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय, तिसऱ्या अंकात येते ना वापस!" आजी म्हणाली. "तुह्या संघदीप मामानं केलं होतं सोनीचं काम. कसा दिसे रिबिनीत!"

मी तिथूनच संघदीप मामाला फोन लावला. मामाचं कारंज्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तो आधी हसला आणि मग त्याच्या लक्षात आलं. मागच्या जयंतीला त्यानं घरातल्या जुन्या कॅसेटी मोबाईलवर उतरवून 'आमच्या गावाच्या आठवणी' म्हणून टाकल्या होत्या. "लोकाईले आवडलं होतं वं रेणू. लांब लांब गेलेल्या आपल्या मानसाईनं आयकलं, मेसेज केले. त्यातलाच तुकडा कोनं तरी कापला दिसते." कोणी कापला ते आजतागायत कळलेलं नाही. कदाचित गंमत म्हणून केलं असेल, कदाचित खरंच घाबरवायला.

मामानं लगेच आख्खं नाटक ग्रुपवर टाकलं. मला वाटलं, संपलं! उद्या सकाळी खिडकी माझी आणि निताची! पण पहिलं उत्तर आलं, 'एवढं लांबलचक कोण ऐकणार?' दुसरं आलं, 'हे एडिट केलेलं आहे.' तिसरं आलं, 'आजकाल एआयनं कोणाचाही आवाज बनवता येतो, सावध रहा.' आणि त्याखाली कुणीतरी परत तोच रडण्याचा तुकडा टाकला, नव्या सावधानसकट!

म्हणजे खोट्याला कुणी पुरावा मागितला नाही आणि खऱ्याला मात्र एआय म्हणाले. मला इतका राग आला की मी सरळ आबांच्या खाटेपुढं जाऊन उभी राहिले.

"आबा, तुम्ही सगळ्यांपुढं रडून दाखवा."

"नाई."

"पण आबा..."

"नाई म्हनलं ना पोरी."

आबा उठून मागच्या दारानं वावराकडे निघून गेले. आजीनं मला जवळ बसवलं. आता ती हसत नव्हती. त्यांचा मुलगा रविकांत, आता वाशिमला नोकरीला आहे, तो शाळेत असताना पोरं त्याला 'जानाबाईचा' म्हणून चिडवायची. एकदा मारामारी झाली आणि तो डोकं फुटून घरी आला. रक्त पुसता पुसता त्यानं बापाला म्हटलं, "बाबा, तुमी बाई नका होऊ ना." आबांनी त्या दिवशी शब्द दिला. पुढच्या जयंतीला मिशा गेल्या नाहीत. दुसरं कुणी तसं रडू शकेना, आणि हळूहळू नाटकच बंद पडलं.

"मिशी ठेवली, पन मानूस निम्मा झाला वं," आजी म्हणाली.

मी परत गेले ती संध्याकाळी. आबा गोठ्यात होते. ह्या वेळी मी ओरडले नाही, आणि ते मला किती अवघड गेलं ते मलाच माहीत.

"आबा, तो मेसेज तुम्ही पहिल्यांदा ऐकला तेव्हाच ओळखला असेल ना?"

त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"माहा आवाज मले समजनार नाई काय," ते शेवटी म्हणाले. "पह्यले त बरं वाटलं, खोटं कायले बोलू. इतक्या वर्सानं आयकला. मंग वरचं लिवलेलं वाचलं."

"निताला ऊसतोडीला नेणार आहेत, आबा. सोनी तर परत येते तिसऱ्या अंकात. निता कशी येणार?"

आबांनी रविकांतकाकांना फोन लावला. माझ्यासमोरच. पलीकडून काय बोलले ते मला ऐकू येत होतं, कारण आबा फोन कानापासून लांब धरून बोलतात. "बाबा, नका करू. तवा चार गावाईनं चिडवलं होतं, आता कोनी मोबाईलवर काढन आन् सारी दुनिया चिडवन. माही लेक कालेजात हाय, बाबा." आबांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, झालं, गेली बस.

पण आबाच म्हणाले, "मोबाईल नसन त?"

"म्हणजे?"

"एकाच्याही हातात मोबाईल नसला पाह्यजे. ज्याले आयकाचं हाय त्यानं कानानं आयकाव आन् दुसऱ्याले तोंडानं सांगाव. मंग रडतो मी."

रविवारी सकाळी विहाराच्या भोंग्यावरून मी हाक दिली. ज्या पोरीला "हजर" म्हणता येत नव्हतं तिनं! "गावातल्या आणि तांड्यावरच्या सर्व मायबहिणींनो, भावांनो, मोबाईलमधली रडणारी बाई आज दुपारी विहारापुढं येणार आहे. ज्यांना तिला पाहायचं आहे त्यांनी यावं. मोबाईल आणले तर जमा करावे लागतील."

मग काय! जेवणं आवरून सगळे हजर. वाटेवर भागिरथा आजी मोठं टोपलं घेऊन बसली होती. "टाक इथं. आपला आपला वयखून घ्या मंग." राजू म्हणून एक पोरगा, फाट्यावर बस अडवणाऱ्यांतला, खिसा दाबत होता. "काकू, माहा बंदच हाय."

"बंद हाय त टोपल्यात झोपू दे त्याले," आजी म्हणाली. बायका हसल्या आणि राजूनं मोबाईल टाकला. तांड्यावरून चंदाबाई आली होती, निताला घट्ट धरून. माझी आईही होती. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

"कोठी हाय थे बाई?" कुणीतरी ओरडलं.

जानराव आबा पुढं आले. पांढरा सदरा, गळ्यात दुपट्टा. "मीच थे," ते म्हणाले. हशा पिकला. राजू तर शीळच घालणार होता. आबांनी दुपट्टा काढला, डोक्यावरून घेतला, एक टोक दातात धरलं. पाठ फिरवून क्षणभर उभे राहिले. आणि वळले तेव्हा त्यांचे खांदे छोटे झाले होते, खरंच सांगते. पोट तेच, मिशा त्याच, आणि तरी ती एक बाई होती, रस्त्याकडे डोळे लावून बसलेली.

"गाडी आली वो... गाडी आली! माही लेक नाई उतरली..."

तोच आवाज! तोच चढ, तोच कंप, आणि शेवटी तोच हुंदका. फक्त मोबाईलमध्ये तो डब्यातून आल्यासारखा वाटायचा, आणि इथं तो आमच्या पोटातून निघाल्यासारखा वाटला. हसणं कधीच थांबलं होतं. आबा जमिनीवर बसले, हात पुढं पसरले, आणि तसेच राहिले. मोबाईलमधला आवाज जिथं तुटतो तिथं आबा थांबले होते. पण ते संपवत नव्हते. वाट बघत होते.

माझ्या लक्षात आलं. दुसरा अंक संपला होता, आता तिसऱ्याच्या सुरुवातीला सोनीनं बोलायचं होतं! आणि सोनी कारंज्याला दुकानात बसली होती! आख्खं नाटक तर मीही ऐकलं नव्हतं, मला ते वाक्य माहीतच नव्हतं. मी आजीकडे बघितलं, आजी डोळे पुसत होती.

तेवढ्यात मागून एक आवाज आला. बारीक, लहान पोरीसारखा.

"माय, मी आली वो. गाडी चुकली, पेपर नाई चुकला!"

चंदाबाई! ती स्वतःच दचकली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. निता तिच्याकडे बघतच राहिली. आणि मग माझी आई पुढचं वाक्य बोलली. आईशेजारची बाई त्याच्या पुढचं. आईचं माहेर गावातलंच, चंदाबाईचं तांड्यावरचंच; ह्या सगळ्या तेव्हा लहान पोरी होत्या, फ्रॉकात, पोतडीवर पुढं बसून नाटक बघणाऱ्या. जयंतीनंतर कित्येक दिवस ह्या सोनी-सोनी खेळायच्या म्हणे! "तू नेहमी सोनी व्हाची आन् मले कंडक्टर कराची," आई चंदाबाईला म्हणाली. एवढ्या वर्षांत त्या दोघी हे कधी बोलल्या नव्हत्या. बोलतील कशा? एक रोज वावरात, एक तांड्यावर, आणि संध्याकाळी दोघींच्या हातात मोबाईल.

"मंग हे अख्खं नाटकच होतं?" राजूनं विचारलं.

"नाई, मी रोज असाच रडतो," आबा उठता उठता म्हणाले. पुन्हा हशा.

सगळ्यांचं लगेच पटलं असं मात्र नाही. एक बाई टोपल्यातून मोबाईल घेता घेता म्हणालीच, "हे नाटक असन माय, पन कोठी तरी खरंबी झालं असन ना?" माझ्या आईनं तिला विचारलं, "कोन्या गावी? कोनाची पोरगी? नाव सांग, आपुन सोबत जाऊ भेटाले." ती बाई मोबाईल घेऊन निघून गेली, आणि तिची पोरगी पुढचे बरेच दिवस बसमध्ये आली नाही.

आबा घराकडे निघाले तेव्हा मी त्यांच्याबरोबर चालत होते. ते थकले होते, पण त्यांच्या डोक्यावरचा दुपट्टा तसाच होता, काढायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. म्हणाले, "रव्याले मीच सांगतो आज. दुसऱ्याच्या तोंडून नको समजाले."

मी तशीच तांड्यावर पळाले. चंदाबाई फोनवर होती. फोन मोठ्यानं बोलायला लावला होता, मागं ऊस तोडल्याचा सपसप आवाज येत होता.

"व्हिडिओ पाठव," गोविंदसिंगकाका म्हणत होते. "पाह्यल्याबिगर मी कसा मानू?"

"व्हिडिओ नाई हाय. मोबाईल काढून घेतले होते."

"मंग! पाह्य, त्यातच काहीतरी हाय."

"म्या माह्या कानानं आयकलं. माह्या डोयानं पाह्यलं."

"लोक काय म्हनते मालूम हाय का इकडे?"

चंदाबाईनं निताकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ घेतला. "लोक राहू द्या. मी काय म्हनून राह्यली थे आयका. इतके वर्स तुमी तिकडे, मी इकडे. लेकरू आजारी म्हनलं त तुमी व्हिडिओ मांगला काय कधी? मी सांगतलं आन् तुमी मानलं. मंग आजच काहून माह्यापक्षा थे कोनाचं तरी रडनं खरं झालं?"

निता फोनजवळ सरकली.

"थे जानराव हाय का अजून?" काका म्हणाले. आवाज उतरला होता. "आमी बंडीच्या चाकावर चढून पाहाचो त्याले. माहा बाप बी रडला होता तवा."

"हाय. मिशा पांढऱ्या झाल्या."

"मुकादम बलावते. ठेवतो मी." मग थोडं थांबून, "पाठव तिले उद्या. पन पोचल्यावर राजपालच्या फोनवरून मले फोन करू दे."

चंदाबाईनं फोन ठेवला आणि वळून पाहिलं तर निता जागेवर नव्हतीच. ती नळावर शाळेचा ड्रेस आपटत होती. थंडीचे दिवस, उन्हं कलायला आलेली, तो सकाळपर्यंत वाळणार नव्हता हे आम्हा तिघींनाही दिसत होतं. चंदाबाई ओरडली, "अवं, वल्ला घालून जाशीन काय?"

"हाव!" निता म्हणाली आणि अजून जोरात आपटायला लागली.